जावांची तार

"वैनीची फ्लॉपी ह्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची न्हाई," असं माझ्या धाकट्या दिरानं त्याच्या बायकोला सांगितलं, आणि मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच सांगितलं. मी भिंतीच्या अलीकडं मेथी निवडत होते. जुडी तशीच परातीत टाकली आणि उठून उभी राहिले. मला राग आला की आधी कान तापतात, मग तोंड सुटतं. त्या दिवशी तोंड दाबून धरलं, कारण दिराचं वाक्य मला शब्दन् शब्द लक्षात ठेवायचं होतं. फ्लॉपी म्हणाला, उंबरा म्हणाला. त्यापुढं काही म्हणाला नाही.

परभणीत एका नव्या वस्तीत आमचं घर होतं, विटांचं, वर पत्रे. आदल्या दिवाळीत दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. झरीकडचं शेत वाटलं, भांडीकुंडी वाटली, आणि सगळ्यात शेवटी माझा धंदा वाटला. माझा म्हणते, कारण मराठी टायपिंगची परीक्षा मी दिली होती, कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायला औरंगाबादला जाऊन मी शिकले होते, आणि परत येऊन धाकट्या जावेला मीच शिकवलं होतं. दोघी मिळून एका खोलीत काम करायचो, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध, जे येईल ते. वाटणी करायला गावाकडून चुलत सासरे आले. त्यांनी जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. डबे दोन आहेत, भाऊ दोन आहेत, एकेकाला एकेक, असा त्यांनी निवाडा केला. मराठी अक्षरांचं कुलूप म्हणून अंगठ्याएवढी एक वस्तू यंत्राच्या पाठीला लागायची, तिच्याशिवाय मराठी उमटायचं नाही. ती आमच्या वाट्याला आली. प्रिंटर दिराच्या वाट्याला गेला. गाय वाटताना एकाला तोंड आणि दुसऱ्याला कास मिळाली, ही गोष्ट आपण पोरांना हसत सांगतो. आमच्या घरी ती खरोखर घडली तेव्हा कुणी हसलं नाही.

मग खोलीच्या मधोमध दिरानं भिंत घातली. विटा कमी पडल्या म्हणून ती पत्र्यापर्यंत गेली नाही, माणसाच्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबली. त्यामुळं दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली की माझ्या घरातला माणूस जेवायला बसायचा.

धंदा मात्र चालू राहिला. मी माझ्याकडं मजकूर जुळवायचा, फ्लॉपीत घालायचा, रस्त्यानं वळसा घालून जावेच्या दारात जायचं, तिनं छापून द्यायचं. दिराला हे आवडत नव्हतं, पण तो काही बोलत नव्हता. बोलला तो एका पानावरून.

झरीच्या पुढं एका खेड्यात शाळेवर शिकवणाऱ्या एक बाई होत्या. वालूरच्या बाजारात लोक भाव करताना जी बोली बोलतात तिच्यावर त्यांनी एम.फिल.चा प्रबंध लिहिला होता. शाळा करून, घर करून, बाजाराच्या दिवशी आडतीत आणि बोकडांच्या बाजारात उभं राहून शब्द गोळा केले होते. तो प्रबंध मी पानापानानं जुळवला होता आणि जुळवताना हसू आवरत नव्हतं, कारण माझ्या माहेरचे सगळे शब्द त्यात होते. बाई बौद्ध होत्या. अठ्ठ्याहत्तर सालच्या नामांतराच्या दंगलीत त्यांच्या गावात काय झालं ते त्या कधी बोलल्या नाहीत. एकदा फक्त मी विचारलं की लहानपणची वही-पुस्तकं ठेवलीत का, तर म्हणाल्या, न्हाई, जळाली. पुढं मी विचारलं नाही.

संक्रांतीला औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव बदललं. सरकार त्याला नामविस्तार म्हणत होतं, गल्ली नामांतरच म्हणत होती. चौकात पोलिसांची गाडी उभी राहायची आणि लोक आवाज खाली करून बोलायचे. त्यानंतर पंधरा दिवसांनी बाई आल्या आणि म्हणाल्या, ताई, पहिलं पान बदला. प्रबंध तयार होता, छापून झाला होता, फक्त पहिल्या पानावर विद्यापीठाचं जुनं नाव होतं. फेब्रुवारीअखेर प्रबंध जमा करायचा होता. नाही झाला तर त्यांचं वर्ष जात होतं.

पान बदलायला मला कितीसा वेळ लागणार. बदललं, फ्लॉपीत घातलं, जावेकडं दिलं. ती छापायला बसली तेव्हा नेमका दीर घरी होता. त्यानं पान वाचलं. दीर वाईट माणूस नव्हता. माझ्या बाळंतपणात पावसात रिक्षा शोधायला तोच पळाला होता. पण चौकात ज्यांच्याबरोबर चहा प्यायचा त्यांचं मत तो घरी घेऊन यायचा, आणि ते मत त्या नावाच्या विरोधात होतं. त्यानं ते पान चुलीत घातलं आणि वर सांगितलेलं वाक्य बोलला.

गावात आणखी दोघांकडं तसा प्रिंटर होता. एक म्हणाला, वातावरण निवळू द्या. दुसरा म्हणाला, जुनंच नाव राहू द्या ना, काय फरक पडतो. माझे यजमान कालव्याच्या खात्यात होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. ते म्हणाले, तुमचं तुमी बघा, मला भावाशी वाद नको. नांदेडला जाऊन पान छापून आणता आलं असतं, हे मला कळत होतं. पण का म्हणून जायचं? ज्या खोलीत बाकीचा सगळा प्रबंध छापला, त्याच खोलीत हे पानही छापलं जाईल, असं मी बाईंना सांगून टाकलं. कसं, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

माझ्या जावेला सगळं घर गरीब गाय समजायचं. दुसऱ्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अक्का, ते फ्लॉपी म्हनले. तारेचं काय बोलले न्हाईत."

तार म्हणजे काय ते सांगते. तिचा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला तेव्हा त्यानं बहिणीची ती रस्त्यानं वळसा घालायची कवायत पाहिली आणि चिडला. क्लासमधल्या जुन्या दोन पट्ट्या, नेटवर्क कार्डं म्हणतात त्या, त्यानं पुढच्या खेपेत आणल्या, दोन्ही यंत्रांची पोटं उघडून एकेक बसवली, नवं सॉफ्टवेअर घातलं. दोन पट्ट्यांमध्ये तार जोडली की एका यंत्रातली फाईल दुसऱ्याला दिसते, म्हणाला. तार पुरेशी नव्हती, ती इथंच कुठंतरी घ्या, म्हणाला. दोन्ही यंत्रं एका गटात आहेत हे त्यांना कळावं म्हणून दोन्हीकडं गटाचं नाव इंग्रजीत एकच टाका, असंही सांगून गेला. आम्ही दोघींनी भिंतीवरून बोलून नाव ठरवलं. दोघी जावा, तर गटाचं नाव दुसरं काय असणार? जावा. तिनं तिच्या यंत्रात टाकलं, मी माझ्या.

भिंतीवरून फ्लॉपी टाकता आली नसती का, असं कुणी विचारील. आली असती. पण ती आत आलीच असती. जावेला नवऱ्याचा शब्द मोडायचा नव्हता, फक्त वाकवायचा होता, आणि मला त्यातली मजा कळली होती. टेबलांच्या मागं, जमिनीलगत, विटांच्या सांध्यात आम्ही दोन्हीकडून उलथण्याच्या टोकानं भोक पाडलं. भिंत दिराच्या हातची होती, माल कमी घालून केलेली. लगेच पडलं.

त्या वर्षी गल्लीगल्लीत डिशची केबल ओढत होते. केबलवाल्याकडून काळ्या तारेचा एक तुकडा घेतला, दोन्ही टोकांना भावानं दिलेली पितळी तोंडं बसवली. ती जरा ढिली बसली. यंत्रं चालू केली. माझ्या पडद्यावरच्या यादीत माझंच यंत्र, तिच्या पडद्यावरच्या यादीत तिचंच. मी तारेला शिव्या दिल्या, जावेनं तार काढून फडक्यानं पुसली आणि परत लावली. काही नाही.

एसटीडीच्या बूथमधून मी तिच्या भावाला फोन लावला. तारेवर काय छापलंय ते वाचा, म्हणाला. आधी वाचून चिठ्ठीवर लिहून आणलं नव्हतं म्हणून परत घरी, परत बूथवर. ऐकून तो हसला. टीव्हीची तार आहे ती, दिसायला बहीण, पण आतून वेगळी, तिच्यावर हे चालायचं नाही. त्यानं पुण्याच्या एसटीत ड्रायव्हरकडं योग्य ती तार दिली आणि मी स्टँडवर जाऊन ती घेतली. पदराखाली तार घेऊन येताना दिराच्या दुकानावरून यावं लागलं. बी-बियाणांच्या पोत्यांमागून त्यानं पाहिलं आणि विचारलं, वैनी, काय आणलं? मी म्हणाले, कपडे वाळत घालायला दोरी. खोटं बोलल्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही.

नवी तार घट्ट बसली, तरी यादी तशीच. पुन्हा बूथ. भाऊ म्हणाला, दोन्ही टोकांना टोप्या आहेत ना? यंत्राच्या पाठीला तीन तोंडांची एक जोडणी होती. एका तोंडात यंत्र, एकात तार, आणि उरलेल्या तोंडावर छोटी टोपी. ती टोपी दोन्हीकडं पाहिजेच, एक जरी नसली तरी सगळं मुकं, म्हणाला. माझी होती. घरी येऊन जावेला विचारलं. तिची टोपी सुईदोऱ्याच्या डब्यात निघाली. धुळीपुरती असेल म्हणून तिनं काढून जपून ठेवली होती. वर माझ्याशीच वाद घातला की तोटीला बूच मारून पाणी कसं येईल. मी म्हणाले, बाई गं, ही तोटी अशीच आहे, बूच लाव. लावलं.

तरी काही नाही. आता मात्र मी रडकुंडीला आले. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई आल्या, माझ्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि काही न विचारता परत गेल्या. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. महिना संपत आला होता. फोनवर भाऊ एकच विचारत होता, गटाचं नाव दोन्हीकडं सारखं आहे ना, आणि मी दर वेळी तेच सांगत होते. सारखं म्हणजे काय, आम्ही दोघींनी मिळून ठरवलंय. भिंतीवरून मी विचारायचे, नाव काय टाकलंस? ती म्हणायची, जावा. आणि मी माझ्या पडद्यावर वाचायचे, जावा.

सोमवारी सकाळी मी दही आणायला निघाले, तर फाटकात दिराची मोटरसायकल आडवी उभी. जुनी गाडी, तिची टाकी पुसायचं काम रोज जावेकडं. मी गाडी सरकवायला हात लावला आणि टाकीवरची अक्षरं वाचली. इतकी वर्षं ती गाडी दारात होती, दीर तिला जावाच म्हणायचा, पण हा शब्द आणि आमचा शब्द एकच आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. टाकीवर इंग्रजीत तिसरं अक्षर डबल्यू होतं. टायपिंगच्या क्लासला मला शिकवलं होतं की व म्हणजे व्ही.

मी दह्याचं भांडं घेऊन तशीच घरात आले. भिंतीपाशी जाऊन म्हणाले, जावा कसं लिहिलंस ते अक्षर अक्षर सांग. ती सांगायला लागली. जे. ए. डबल्यू.

मी खालीच बसले. हसू येत होतं आणि स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटत होती. तोंडानं शंभर वेळा सारखं बोललो, आणि यंत्रं दोन वेगवेगळ्या घरांत बसल्यासारखी बसून राहिली. मी तिला म्हणाले, व्ही कर. ती म्हणाली, गाडीवर छापलेलं खोटं आसंल व्हय? कंपनीला काय समजत न्हाई का? मग मीच डबल्यू केलं. थोरली मी होते, पण तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. यंत्र बंद करून चालू केलं आणि माझ्या यादीत दुसरं नाव आलं. तिचं यंत्र. मी तिच्या डिरेक्टरीत, म्हणजे फायली ठेवायच्या कप्प्यात, एक छोटी फाईल टाकून पाहिली, आत लिहिलं होतं, चहा झाला का? थोड्या वेळानं भिंतीपलीकडून हसल्याचा आवाज आला.

फाईल गेली, पण प्रिंटर अजून माझ्या हाती नव्हता. त्याचाही वेगळा शेअर, म्हणजे दुसऱ्या यंत्राला वापरायची मोकळीक, द्यावा लागतो, हे भावाकडून कळलं. तेवढ्यात वीज गेली आणि ते काम दुसऱ्या दिवसावर गेलं. मी शाळेत निरोप पाठवला. मंगळवारी बाई अर्धी रजा टाकून दुपारीच आल्या.

दुकान बंद करून दीर जेवायला घरी आलेला होता, हे मला माहीत नव्हतं. जावेला माहीत होतं, आणि ती तरीही यंत्रासमोर बसली होती. मी भिंतीवरून विचारलं, "शेअर दिलास का?"

"दिला अक्का. डिरेक्टरीचा तर व्हताच, आता प्रिंटरचा बी दिला."

"डिरेक्टरीचा नुसता वाचण्यापुरता का पुरा?"

"पुरा दिलाय."

पलीकडं ताट सरकल्याचा आवाज झाला. वाटण्या होऊन अजून वर्ष झालं नव्हतं. त्या घरात शेअर म्हणजे हिस्सा, आणि हिस्सा म्हणजे झरीचं शेत, याशिवाय दुसरा अर्थच नव्हता. दीर खोलीत आला आणि म्हणाला, "पुरा हिस्सा कुनाला दिलास? कशाचा द्यायलीस?"

जावेनं सांगितलं की कॉम्प्युटरचा हिस्सा हाय, शेताचा न्हाई. मी इकडं तोवर छापायची आज्ञा दिली होती. पलीकडं प्रिंटर गुरगुरला. प्रिंटरमधून पान बाहेर येताना एक बारीक सरसर व्हायची, ती मी इकडून ऐकली, बाईंनीही ऐकली. मग दिरानं पान उचललं असणार. तो वाचत होता.

"हे पान ह्या घरातून भाइर जायचं न्हाई," तो म्हणाला.

माझे कान तापले. मी तोंड उघडलं नाही, परत आज्ञा दिली. सरसर. दुसरं पान. तेही त्यानं उचललं असणार. मी परत दिली. तिसरं. तो जावेवर ओरडला की बंद कर ते, आणि ती अगदी शांतपणे म्हणाली की म्या हात बी लावला न्हाई, ते अक्काच्या घरातून यायलंय. फ्लॉपी आली न्हाई, उंबरा कुनी वलांडला न्हाई, तुमचा शब्द म्या राखलाय. तो बटण शोधायला वळला तर ती बोर्डाला पाठ लावून उभी राहिली. हे तिनं मला नंतर सांगितलं. हेही सांगितलं की त्याचा उजवा हात वरणानं भरलेला होता, त्यामुळं सगळी पानं त्यानं डाव्या हातात धरली होती आणि फाडायची म्हटली तरी फाडता येत नव्हती. त्याला हात धुवायला जाता आलं असतं. तो गेला नाही.

मी चौथं पान पाठवणार होते. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. स्टुलावरून उठल्या, पदर खोचला आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भिंत त्यांच्यापेक्षा उंच होती, तरी मान वर केली नाही, समोर विटांकडं बघतच बोलल्या. आवाज चढवलाही नाही. शाळेत पोराला उठवून वाचायला लावतात तसं बोलल्या.

"भाऊ, वरचं नाव वाचलंत. आता खालचं वाचा."

पहिल्या पानावर वर विद्यापीठाचं नाव असतं, मध्ये प्रबंधाचं, आणि खाली, लहान अक्षरात, तो लिहिणाऱ्याचं. महिनाभर मी, दीर, ते दोघे प्रिंटरवाले, सगळे त्या वरच्या ओळीवरून भांडत होतो.

"वाचा की," जाऊ म्हणाली.

आणि माझ्या दिरानं वाचलं. आधी बाईंचं नाव, मग त्यांच्या वडलांचं, मग आडनाव. मोठ्यानं सुरू केलं होतं, आडनावापर्यंत येताना आवाज खाली गेला, पण शेवटपर्यंत वाचलं.

"ते माझं हाय," बाई म्हणाल्या. "द्या इकडं."

भिंतीवर आधी त्याचा डावा हात दिसला, मग कागद.